आईचे उजळ चित्र

एकवीस महिने माझे नाव नॅन्सी होते. रात्री साडेनऊला कंपनीची गाडी घराखाली येत असे, सव्वादहाला मी हेडसेट डोक्यावर चढवत असे आणि त्यानंतरचे आठ-नऊ तास समुद्रापलीकडच्या माणसांची बिले, त्यांचे थकलेले हप्ते आणि त्यांचा संताप ऐकत बसत असे. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला ओठांसमोर कागदाचा कपटा धरून बोलायला शिकवले होते. 'पेपर' म्हणताना कपटा थरथरला पाहिजे. नाही थरथरला, तर तो आपला देशी 'प' झाला आणि गिऱ्हाइकाने आपल्याला ओळखलेच. 'प' आणि 'फ' यांच्यामध्ये जेवढी हवा असते तेवढ्या हवेवर माझा पगार अवलंबून आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. 'तुम्ही कुठून बोलता?' असे कोणी विचारलेच, तर मी आजतागायत न पाहिलेल्या एका शहराचे नाव सांगत असे. त्या शहरातले त्या दिवशीचे हवामान पडद्याच्या कोपऱ्यात दिसत असे, म्हणजे उगाच पंचाईत नको.

एका रात्री जेवणाच्या सुट्टीत मोबाइल वाजला. बाबांना ताप चढला होता आणि गोळ्या कुठे ठेवल्या आहेत हे विचारायला आईने फोन केला होता. मी नंबर न पाहताच नॅन्सीच्या सुरात 'हॅलो' म्हटले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आई अतिशय अदबीने म्हणाली, 'सॉरी हं, राँग नंबर,' आणि तिने फोन ठेवून दिला.

मी लगेच परत फोन लावला, आम्ही दोघी खूप हसलो, गोळ्या सापडल्या, ताप उतरला. एवढीच ती गोष्ट. ती मला पुन्हा आठवली ती बऱ्याच वर्षांनी, मर्ल ओबेरॉनविषयी वाचताना. एके काळी हॉलिवूडच्या पहिल्या रांगेत असलेली ही नटी मुंबईत जन्मलेली होती आणि ही गोष्ट तिने मरेपर्यंत जाहीरपणे मान्य केली नाही, हे पुष्कळांना माहीत असते. मला मात्र तिच्या आयुष्यातली एक बारीक नोंद आधी दिसली. कोलकात्यात असताना पोटासाठी ती टेलिफोन ऑपरेटरचे काम करत होती. तारेवरून जाणाऱ्या आवाजाला कातडी नसते. आपण कोण आहोत हे न दाखवता दिवसभर लोकांशी बोलता येते, हा धडा तिला तिथे मिळाला असेल की नाही, सांगता येणार नाही. मला मात्र तो मिळाला होता, आणि म्हणूनच मी तिच्या गोष्टीकडे परक्या माणसाची गोष्ट म्हणून पाहू शकले नाही.

तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ चा. एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन हे तिचे पूर्ण नाव, आणि घरातले लाडाचे नाव क्वीनी. वडील आर्थर थॉम्पसन हे रेल्वेत काम करणारे इंग्रज इंजिनियर होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात जाऊन ते वारले. तिला वाढवले शार्लट सेल्बी या बाईने. शार्लट मूळची सिलोनची, मिश्रवंशाची आणि रंगाने सावळी होती. मर्ल तिला आई म्हणत असे आणि जगालाही तेच माहीत होते. प्रत्यक्षात शार्लट तिची आजी होती. खरी आई होती शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, जी मर्लच्या जन्माच्या वेळी अवघी बारा-चौदा वर्षांची पोर होती. तेव्हा अब्रूसाठी आजी आई झाली आणि आई मोठी बहीण झाली. म्हणजे जगापासून लपवण्यासारखे काही मर्लने स्वतः करण्याच्या कितीतरी आधी, तिच्या पाळण्यापाशीच, घरातल्या माणसांच्या नात्यांची नावे बदललेली होती.

पुढे मायलेकी (मी त्यांना मायलेकीच म्हणणार, कागद काहीही म्हणोत) कोलकात्याला गेल्या. तिथल्या एका नामांकित इंग्रजी शाळेत तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण तिच्या जन्मावरून इतर मुलींनी तिला इतके टोचले की ती शाळा सोडून घरी शिकू लागली. त्या काळच्या अँग्लो-इंडियन समाजाची गोची अशी, की इंग्रजांच्या क्लबात त्यांना दार बंद आणि हिंदी माणसांच्या पंगतीतही त्यांचे पान नाही. क्वीनी दिसायला विलक्षण देखणी होती आणि वर्णाने युरोपीय म्हणून सहज चालून जाण्याइतकी उजळ होती. ती नाटकात कामे करू लागली, रात्री उपाहारगृहांतल्या नाचांना जाऊ लागली. तिथे भेटलेला एक उमदा कर्नल तिच्या प्रेमात पडला. मग एके दिवशी तो तिला घरी सोडायला आला, दार शार्लटने उघडले, आणि ते प्रेम उंबरठ्यावरच संपले. जाता जाता त्याने फ्रान्समधल्या एका चित्रपट दिग्दर्शकाकडे तिची शिफारस करण्याचे आश्वासन तेवढे दिले आणि ते पाळलेही. तिच्या कारकिर्दीचा पहिला धागा असा सुरू होतो. एका माणसाने तिच्या आईचा चेहरा पाहिला आणि पाठ फिरवली, म्हणून. अशा मुलीला पुढे आयुष्यभर दार कोण उघडते याची धास्ती वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

लंडनमध्ये तिला अलेक्झांडर कोर्डा भेटला. तो स्वतः हंगेरीतून आलेला ज्यू होता, मूळचे नाव बदललेला, इंग्रजांपेक्षा अधिक इंग्रजी थाटाचे चित्रपट काढणारा. आठव्या हेन्रीवरच्या त्याच्या १९३३ च्या चित्रपटात तिने अ‍ॅन बोलिनचे छोटेसे काम केले आणि ती लोकांच्या नजरेत भरली. आता तिला एक नाव हवे होते आणि एक जन्मगाव हवे होते. नाव ठरले मर्ल ओबेरॉन. जन्मगावासाठी प्रसिद्धी विभागाने नकाशावर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचे टास्मानिया बेट शोधून काढले. ही निवड मोठी चतुर म्हणावी लागेल, कारण टास्मानिया ब्रिटिश होते, गोऱ्यांचे होते, आणि लंडन व हॉलिवूड या दोन्हींपासून इतके दूर होते की चौकशीला कोण कशाला जाईल! बड्या घराण्यातली मुलगी, वडील अकाली गेलेले, मग नातेवाइकांकडे हिंदुस्थानात काही काळ वास्तव्य, अशी कहाणी तयार झाली. तिच्या बोलण्यात जो थोडा हिंदुस्थानी हेल उरला होता त्याचीही सोय त्यात लागली.

मूळ वंश झाकून गोऱ्यांमध्ये मिसळण्याला अमेरिकेत 'पासिंग' म्हणतात. मराठीत आपण 'खपून जाणे' म्हणू, आणि मला आपलाच शब्द अधिक नेमका वाटतो. खोटे नाणे खपून जाते, माल खपून जातो, तशी गोरी म्हणून एखादी बाई खपून जाते. त्या शब्दात बाजार आहे. पण खपणे म्हणजे राबणेही, झिजणेही. 'आयुष्यभर खपली बिचारी' असे आपण म्हणतो तेव्हा ते विकण्याविषयी नसते. मर्लच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू होते.

तिला खोटारडी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी त्या काळचे कायदे एकदा डोळ्यांखालून घालावेत. अमेरिकन चित्रपटधंद्याने १९३० साली आखलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे पाळलेल्या नियमावलीत गोरे आणि काळे यांच्यातला प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती, आणि स्टुडिओवाले सावधगिरी म्हणून तो नियम आशियाई नटनट्यांनाही लावत. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची गुणी नटी. 'द गुड अर्थ' या चीनमध्ये घडणाऱ्या १९३७ च्या चित्रपटात चिनी शेतकऱ्याचे काम गोऱ्या नटाला दिले गेले आणि त्याच्या चिनी बायकोचे काम वाँगला न मिळता जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रायनरकडे गेले. रायनरला त्यासाठी ऑस्कर मिळाले. खरे सांगितले असते तर मर्लच्या वाट्याला काय आले असते, ते कळायला एवढे उदाहरण पुरे.

आणि प्रश्न केवळ चित्रपटांचा नव्हता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, म्हणजे कोलकात्यात कुठेतरी क्वीनी बारा वर्षांची होत होती त्याच दिवशी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांचेही ते काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी त्यापायी १९२८ मध्ये आत्महत्या केली. हे चित्र बदलायला १९४६ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही हिंदुस्थानातून वर्षाला १०० माणसांनाच रीतसर प्रवेश होता. जन्माचा दाखला मुंबईचा आहे असे सांगणे हा त्या काळी मनाच्या मोकळेपणाचा प्रश्न नव्हता. अशा देशात तिने टास्मानिया सांगितले, याबद्दल मला तिला बोल लावता येत नाही. मी तर हवामानसुद्धा खोटे सांगितले होते, आणि तेही दूरध्वनीच्या बिलांसाठी.

बोल लावता येत नाही, तरी एक गोष्ट घशात अडकते. ती शार्लटची.

शार्लट मर्लबरोबर लंडनला आली होती आणि त्याच घरात राहत होती. मर्लच्या चरित्रकारांनी लिहिले आहे की पाहुणे आले की शार्लट घरातली मोलकरीण म्हणून वावरत असे. चहाचा ट्रे आणायचा, ठेवायचा, जायचे. मी हे वाक्य वाचले आणि पुढे वाचायचे थांबले. कोणी कोणाला सांगितले असेल हे? मुलीने आईला समोर बसवून सांगितले असेल, की एके दिवशी अचानक दारावरची घंटा वाजली आणि शार्लटने आपण होऊनच डोईवरचा पदर सावरावा तसा चेहरा बदलला असेल? मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते, आणि तीच अधिक त्रास देते. शार्लटला भूमिका बदलणे नवे नव्हते. एकदा ती आजीची आई झाली होती, तेव्हा पोरीची अब्रू वाचली होती. आता ती आईची मोलकरीण झाली, म्हणजे नातीचे नशीब वाचले. कर्नलसाहेब उंबरठ्यावरून परत गेले तेव्हा दार आपणच उघडले होते, हे ती म्हातारी विसरली असेल असे वाटत नाही.

माझी नॅन्सी फार लहान होती, आणि मला तिची मर्लशी बरोबरी करायची नाही. मला कोणी शाळेत टोचले नव्हते, कोणत्या न्यायालयाने माझे माणूसपण मोजले नव्हते, आणि पहाटे गाडीतून उतरले की मी पुन्हा मीच होत असे. पण त्या राँग नंबरनंतर आईला एक सवय लागली. तिने फोन लावला आणि मी उचलला, की ती लगेच बोलत नसे. माझा आवाज आधी ऐकून घेई, ओळख पटवी आणि मग 'अगं, मी बोलतेय' म्हणे. नोकरी सोडून किती वर्षे झाली, तरी ती सवय गेलेली नाही. एकवीस महिन्यांच्या नाटकाने एवढे केले. ज्या बाईला स्वतःच्या मुलीच्या घरात रोज मुलीकडे पाहून आधी कोण कोण बसले आहे याचा अंदाज घ्यावा लागत असेल, आणि मगच तिला काय नावाने हाक मारायची ते ठरवावे लागत असेल, तिच्या जिभेवर काय काय थबकले असेल!

शार्लट १९३७ साली वारली. तोवर मर्लला 'द डार्क एंजल'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळून गेले होते. दोन वर्षांनी 'वुदरिंग हाइट्स'मध्ये तिने कॅथी साकारली, आणि या चित्रपटातला एक विनोद तिच्याशिवाय कोणालाच कळला नसेल. मूळ कादंबरीत सावळ्या वर्णाचा, कुठून आला कोणास ठाऊक असा पोरगा आहे तो हीथक्लिफ; त्याला पाहून एक पात्र तर हा हिंदुस्थानी खलाशाचा पोर असावा असा तर्क करते. पडद्यावर तो सावळा पोरगा झाला अस्सल इंग्रज लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि गोरी कॅथी झाली मुंबईची क्वीनी.

तिचा चेहरा हा आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता. तो सांभाळणे हा अनेकांचा व्यवसाय झाला होता. १९३७ मध्येच लंडनमध्ये झालेल्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची बाधा आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी यांमुळे त्वचा बिघडली आणि वरचा थर खरवडून काढण्याचे वेदनादायक उपचार तिने करून घेतले. मग 'द लॉजर' या १९४४ च्या चित्रपटाच्या वेळी छायालेखक ल्युसियन बॅलार्डने तिच्यासाठी एक युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून त्याने एक छोटा दिवा बसवला. प्रकाश बाजूने पडला की खळगे आणि वण उठून दिसतात. समोरून, भिंगाच्याच रेषेतून आला की सावली चेहऱ्याच्या मागे पडते आणि कॅमेऱ्याला दिसतच नाही. चेहरा गुळगुळीत, उजळ, विनातक्रार दिसतो. या दिव्याला तिच्या नावावरून 'ओबी' म्हणू लागले आणि छायालेखकांच्या बोलण्यात तो शब्द अजून आहे. पुढच्या वर्षी तिने बॅलार्डशी लग्न केले. आपल्या चेहऱ्यावरची एकही सावली पडद्यावर जाऊ न देणाऱ्या माणसाशी तिने लग्न करावे, यात मला प्रेमाइतकीच सुटका दिसते. मात्र असा दिवा डोळ्यांसमोर सतत लावून काम करायचे, तर समोरचे फारसे काही दिसत नसणार, हेही तितकेच खरे.

त्याच शहरात, त्याच काळात, नेमका उलटा प्रवास करणारा एक माणूस होता, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर कोर्ला पंडित नावाचा एक ऑर्गनवादक झळकू लागला. डोक्यावर फेटा, फेट्यात मधोमध रत्न, टपोरे डोळे थेट कॅमेऱ्यात रोखलेले, आणि तोंडातून एक अक्षर नाही. दिल्लीच्या ब्राह्मण पुरोहिताचा हा मुलगा, आई फ्रेंच गायिका, असे सांगितले जाई. दिल्लीच्या पुरोहिताच्या फेट्यात रत्न कुठून आले हे विचारायला तिथे आपल्यापैकी कोणी नव्हते. घरोघरच्या गृहिणी त्याच्यावर लुब्ध होत्या. त्याचे खरे नाव जॉन रोलंड रेड. तो मिसूरी राज्यात वाढलेला एका कृष्णवर्णीय पाद्र्याचा मुलगा होता. आधी तो मेक्सिकन म्हणून 'हुआन रोलांदो' या नावाने वाजवत असे, आणि मग हिंदी झाला. १९९८ मध्ये तो वारला तोवर जगाला पत्ता लागला नव्हता. एका मासिकाने २००१ मध्ये ती गोष्ट उजेडात आणली. मिसूरीच्या नातेवाइकांना सारे ठाऊक होते आणि त्यांनी तोंड मिटून ठेवले होते.

एकीने हिंदीपण उतरवून ठेवले आणि गोरी झाली. दुसऱ्याने तेच हिंदीपण उचलून अंगावर चढवले, कारण काळा म्हणून जगण्यापेक्षा ते सुखाचे होते. वंशाच्या उतरंडीत कोणाची पायरी कुठे होती, ते या दोघांच्या पोशाखांवरून जसे कळते तसे कुठल्या ग्रंथावरून कळणार नाही. मला मात्र त्याचे न बोलणे लक्षात राहते. बोलला तर मिसूरी बाहेर पडेल, म्हणून हा माणूस कार्यक्रमात गप्प राहिला, आणि लोकांना ते पौर्वात्य गूढ वाटले. कागदाचा कपटा ओठांसमोर धरून बसलेली मी त्याला ओळखते.

न्यूयॉर्कच्या बेल दा कोस्टा ग्रीनने तर कागदच जाळले. तिचे वडील रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्ड कॉलेजातून १८७० मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. आईवडील वेगळे झाल्यावर तिने आडनावातला शेवटचा 'र' गाळला, सावळ्या रंगाच्या खुलाशासाठी 'दा कोस्टा' हे पोर्तुगीज आडनाव मध्ये घातले, आणि १९०५ मध्ये ती धनाढ्य जे. पी. मॉर्गनच्या खासगी ग्रंथसंग्रहाची व्यवस्था पाहू लागली. १९२४ मध्ये ती त्या ग्रंथालयाची पहिली संचालक झाली. जुन्या हस्तलिखितांचे एकेक पान जिवापाड जपणारी, एखाद्या दुर्मीळ ग्रंथासाठी युरोपभर बोली लावणारी ही बाई १९५० मध्ये वारली, आणि त्याआधी तिने स्वतःची सगळी खासगी पत्रे व कागद आगीत टाकले. ज्या वडिलांचा कोणत्याही मुलीला अभिमान वाटावा, त्यांचे नाव तिला कधी उच्चारता आले नाही. ग्रंथपालाने कागद जाळावेत म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी जुन्या पुस्तकाची वाळवी झटकली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मर्लकडे परत येते, कारण तिच्या बाबतीत मला न सुटणारा प्रश्न पुढचा आहे. सुरुवातीला तिने का लपवले हे समजते. पण शेवटी का लपवले? वंशावरून विवाहाला बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केले. चित्रपटांची ती नियमावली १९६८ मध्ये गेली. तिची कारकीर्द जवळजवळ आटोपली होती, पैसा भरपूर होता, बॅलार्डच्या आधी कोर्डाशी झालेले लग्न आणि कोर्डाची सरदारकी यांमुळे एके काळी ती लेडी कोर्डाही झाली होती. आता कोणी तिचे काय घेणार होते?

तरीही, मुंबईत सरकारी दप्तरात तिच्या जन्माचा दाखला शोधून काढणारा कॉन्स्टन्सचा एक मुलगा जेव्हा लॉस एंजेलिसला तिला भेटायला गेला, तेव्हा तिने त्याला भेटायचे नाकारले. हा गृहस्थ कॅनडात स्थायिक झालेला होता. जन्मभर तो तिला मावशी समजत आला होता, आणि त्या कागदाने मावशीची बहीण केली होती. तो काही मागायला आला असेल असे मला वाटत नाही, कारण पुढे तिच्या चरित्रकारापासूनही त्याने ही माहिती राखून ठेवली. बहिणीने दार लावून घेतल्यावरही त्याने तिचे गुपित फोडले नाही. खरे सांगायचे तर, या साऱ्या गोष्टीत मला मर्लचा राग येतो तो इथेच. टास्मानिया समजू शकते. आईची मोलकरीण करणे, दात-ओठ खाऊन का होईना, समजू शकते. पण साठीच्या घरात आलेल्या बाईने दाराशी आलेल्या भावाला परत पाठवावे?

मग वाटते, सवय झालेली असते. तितकी वर्षे झाकून ठेवल्यावर झाकलेल्या गोष्टीपेक्षा झाकण मोठे होते. आता खरे बोलायचे म्हटले, तर नुसते 'मी मुंबईची' एवढे म्हणून भागत नाही. तो ट्रे घेऊन गेलेली बाई कोण होती, हेही सांगावे लागते. खऱ्याला उशीर झाला की त्याची किंमत चढत जाते, सावकाराच्या व्याजासारखी, आणि मुद्दलापेक्षा व्याज जास्त झाले की माणूस हिशेबाची वहीच उघडत नाही.

१९७८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ती टास्मानियाला गेली. आपली मुलगी घरी येणार म्हणून होबार्टमध्ये तिचा नागरी सत्कार ठरला होता आणि तिच्या नावाचे एक नाट्यगृहही तिथे होते. या बेटाने ती थाप मनापासून आपली मानली होती. ती तिथल्या एका चिनी वंशाच्या बाईची मुलगी, अशी एक स्थानिक कहाणी लोक छातीठोकपणे सांगत आणि कित्येकांनी तिला लहानपणी पाहिलेलेही होते. खोट्या जन्मगावाला असे खरे नातेवाईक मिळाले होते, आणि खरा भाऊ दारातून परत गेला होता. सत्काराला जाताना गाडीत तिने चालकाला एक वेगळीच हकीकत सांगितली, की लहानपणी वडिलांबरोबर बोटीने जाताना ते आजारी पडले, म्हणून होबार्टला उतरावे लागले आणि काही काळ तिथे राहणे झाले. समारंभात मात्र तिने आपण इथे जन्मलो नसल्याचे सांगून टाकले, आणि बरे वाटत नाही म्हणून ती निघून गेली. नंतर ती हॉटेलातच राहिली. कोणाला मुलाखत दिली नाही, आणि ते नाट्यगृह पाहायलाही ती गेली नाही.

मी त्या हॉटेलच्या खोलीचा विचार करते. सदुसष्ट वर्षांची बाई पलंगावर बसली आहे, खाली तिला लेक म्हणणारे गाव आहे, आणि ती त्या गावाची नाही हे सांगून आली आहे. कुठली आहे, ते सांगायचे मात्र अजून बाकी आहे. एका वाक्याचा पहिला अर्धा भाग तिने पंचेचाळीस वर्षांनी उच्चारला आणि दुसरा अर्धा तोंडातच राहिला.

२०२३ मध्ये मिशेल यो हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन आणि मग ऑस्कर मिळाले, तेव्हा वृत्तपत्रांना एक अडचण आली. या विभागात नामांकन मिळवणारी पहिली आशियाई असे तिला लिहिता येईना, कारण १९३६ मध्ये मर्ल तिथे जाऊन आली होती. मग 'आपली ओळख आशियाई म्हणून सांगणारी पहिली' असा शब्दप्रयोग करण्यात आला. पहिली येऊनही पहिली न मोजली गेलेली अशी ही बाई त्या एका 'सांगणारी' शब्दाच्या मागे उभी आहे.

शार्लट गेल्यानंतर बारा वर्षांनी, १९४९ मध्ये, मर्लने एका चित्रकाराकडून आईचे चित्र काढून घेतले होते. समोर बसवायला आई नव्हती, म्हणून तिने एक जुने छायाचित्र दिले आणि वर्ण उजळ करायला सांगितले. ते चित्र तिने पुढे प्रत्येक घरात भिंतीवर लावले, शेवटपर्यंत. जिवंत असताना जिला दिवाणखान्यात बसता आले नाही ती आता गोरी होऊन दिवाणखान्यात आली आणि पाहुण्यांसमोर 'ही माझी आई' म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येऊ लागले, असेही म्हणता येईल. हे क्रौर्य आहे की माया, यावर मी बराच काळ स्वतःशीच वाद घातला आहे.

पण छायाचित्र त्या काळचे, म्हणजे कृष्णधवल. त्यात काळे, पांढरे आणि मधले करडे यांखेरीज रंग नसतोच. बाई किती सावळी होती हे चित्रकाराला त्यावरून कळण्याची शक्यता नव्हती. तेव्हा मूळ रंगापेक्षा किती उजळ करायचे हे त्याला सांगताना, निदान तेवढ्यापुरता, आईचा खरा रंग मर्लला डोळ्यांसमोर आणावा लागला असेल.